चरलेल्या पात्यांचा रकाना

सोलापूर,
१२ सप्टेंबर २०२५

काव्या,

नमस्कार-चमत्कार काही नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून आज पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाचं पाकीट आणलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मैत्रिणीला पत्र? आजकाल कोण लिहितंय?" मी म्हटलं, मैत्रिणीला नाही, वैरिणीला. त्यांनी मान वर न करता दोन शिक्के जास्त मारले.

अहवाल वाचला. 'सातवण खाडीतील समुद्रगवताच्या कुरणाचे आरोग्य मूल्यांकन.' मुखपृष्ठावर कासवाचा फोटो. आतल्या सत्तर पानांत कासवाचा क सुद्धा नाही आणि मुखपृष्ठावर त्याला शोभेला बसवलंय. पान एक्केचाळीस मी इतक्या वेळा वाचलंय, की आता पाठ आहे: 'सरासरी आच्छादन एकतीस टक्के. कुरणाची एकूण प्रकृती खालावलेली. संवर्धनासाठी प्राधान्य कमी.' आणि खाली तुझी ती लांबलचक शेपटीची सही. काव्या हिरेमठ, प्रकल्प समन्वयक.

माझा रकाना कुठे आहे?

तुला समन्वयक झाल्यापासून विसरायला झालं असेल तर सांगते. दहा रेषा होत्या. एक रेषा म्हणजे खाडीच्या तळाला ताणलेला पन्नास मीटरचा दोर, आणि दर पाच मीटरवर ठेवायची ती प्लास्टिकच्या पाइपची अर्ध्या मीटरची चौकट. चौकटीतली किती जागा गवतानं झाकलीय, पातं किती लांब, पात्यावर शेवाळ किती, हे सगळं आपल्या प्रकल्पप्रमुख सरांच्या छापील तक्त्यात होतं. जे नव्हतं ते मी पेन्सिलीनं आखून घेतलं. 'चरलेली पाती, शेकडा.' पहिल्या दिवशी तू ते वाचून बोटीत पोट धरून हसलीस. म्हणालीस, "विजू, समुद्रात पण मेंढरं सोडतीस काय?"

हसलीस, पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर खाली आलीस आणि बघितलंस. मरणारं पातं शेंड्याकडून तपकिरी होतं, त्याच्या चिंध्या होतात. सातवणचे शेंडे सरळ तोडलेले होते, आणि बुडातून कोवळं पातं वर आलेलं. ते गवत आजारी नव्हतं, कासवांनी खाल्लेलं होतं. ज्या कुरणाला जनावर रोज तोंड लावतं आणि तरी ते फुटत राहतं, ते कुरण धडधाकट असतं. हे सांगायला मला कुठली डिग्री लागत नाही. सांगोल्याला आमच्या दारात तीनशे मेंढरं होती. सरांचा तक्ता मात्र तळ उघडा दिसला की कुरण आजारी म्हणतो. हॉस्टेलात जेवणाचं ताट रिकामं दिसलं म्हणून मुली उपाशी आहेत असं कुणी लिहील का?

बुडी मारून वर आल्यावर तोंडातली नळी काढायच्या आधी तू म्हणाली होतीस, "याच्यावर आपण दोघी पेपर लिहू." तो पेपर राहू दे. निदान तो रकाना तरी ठेवायचास.

मी प्रकल्प सोडून पळाले असं तू सरांना सांगितलंस असंही कानावर आलंय. आप्पा पडले, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून मला फेब्रुवारीत यावं लागलं. पण येताना दहाच्या दहा रेषा पूर्ण करून, शंभर चौकटींचे कागद आणि फोटो तुझ्या टेबलावर ठेवून आले. आता मी इथे कॉलेजात प्रॅक्टिकल घेते, बेडूक कापायचे बंद झाले म्हणून पोरांना झुरळाची चित्रं दाखवते. ते असो. शंभरातली एक चौकट चुकीची निघाली तर मला सांग. मी जाहीर माफी मागेन.

विजयमाला सरगर


सोलापूर,
२९ सप्टेंबर

काव्या,

पाकीट तुला एकोणीस तारखेला मिळालं. सही तुझी आहे, मी नेटवर बघितली. म्हणजे वाचलंस आणि गप्प बसलीस. भांडायचं धाडस नसेल तर निदान शिवी तरी दे.

आता ऐक, कारण आता हे आपल्या दोघींपुरतं राहिलेलं नाही. परवा तांडेलमामांचा फोन आला. आपली बोट चालवायचे तेव्हासुद्धा इतकं घाबरून बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. खाडीच्या तोंडावर जेट्टी येतेय आणि मोठ्या बोटी आत याव्यात म्हणून तळ उपसणार आहेत. अठरा नोव्हेंबरला तालुक्याच्या गावी जनसुनावणी आहे. ज्यांना जेट्टी हवी आहे त्यांनी गावात पत्रक वाटलं, आणि त्यात पान एक्केचाळीस जसंच्या तसं छापलंय. 'कुरणाची प्रकृती खालावलेली.' म्हणजे मरतंयच, तर उपसा. मामा म्हणाले, "गवात आसा म्हणान कोळंबी आसा, बाय. गवात गेला तर आमी काय खावचा?" मी काय सांगणार? मी म्हटलं, कागद माझ्या मैत्रिणीकडे आहेत, ती देईल.

देशील ना?

रविवारी सांगोल्याला जाऊन आले. आप्पांना अजून काठीशिवाय चालता येत नाही. मेंढरं माझ्या भावानं, कुमारनं, गेल्या वर्षीच चुलत्याकडे दिली, पण आप्पा सकाळी दारात बसून समोरच्या माळाकडं बघत बसतात. मी त्यांना अहवाल वाचून दाखवला, सोपा करून. त्यांना सगळं लगेच कळलं.

"शेंडा तोडलेला हाय, मूळ धरून हाय, मग वाईट कसं म्हणत्यात?" म्हणाले. "हात घालून वडून बघितलं न्हवं तू? जरा हिसडा दिला की कळतंय. मूळ सुटून हातात आलं तर कळप हलवायचा. न्हाय आलं तर माळ खुशाल हाय."

मी म्हटलं, व्हय आप्पा, सगळीकडं हात घालून बघितलं.

त्यांनी परत विचारलं, "समदीकडं?" म्हातारपणी माणसाला एकच गोष्ट दोनदा विचारायची सवय लागते. मी विषय बदलला.

मी तुला पंधरा दिवस देते. तू तो रकाना सुनावणीपुढे ठेव. शुद्धिपत्रक काढ, पुरवणी जोड, छपाईत राहून गेलं म्हण, तुमच्या ऑफिसच्या भाषेत काय म्हणायचं ते तू बघ. नाही ठेवलास तर माझ्याकडे माझ्या कागदांच्या झेरॉक्स आहेत. मी स्वतः घेऊन जाईन, आणि मग तिथे सगळ्यांसमोर विचारेन, की काव्या हिरेमठ यांनी कुणाच्या सांगण्यावरून हे खोडलं? सरांच्या? का जेट्टीवाल्यांच्या? मला असं वाटायला लागलंय. पाच वर्षं एका ताटात जेवलेल्या मुलीबद्दल असं वाटतंय, हे लिहिताना मला बरं वाटत असेल असं समजू नकोस.

विजयमाला


सोलापूर,
१४ ऑक्टोबर

काव्या,

हे पत्र तुला तुझ्या अव्वाच्या पार्सलमध्ये मिळेल, कडक भाकरींच्या थप्पीखाली. आत खुशाली आहे असं मी त्यांना सांगितलंय.

पंधरा दिवस संपले तसं मी बाळीवेशीत तुमच्या घरी गेले. तुझ्या आईपाशी तुझी तक्रार करायला गेले, हे वाचून तुला हसू आलं तर येऊ दे. दुसरं कुठं जाणार होते? दिवाळीच्या ऑर्डरी सुरू आहेत. दोन बायका भाकरी थापत होत्या, अव्वा चुलीपाशी, घरभर पीठ उडालेलं.

"बा गं, कुंद्र," कानडीत म्हणाल्या, आणि मी बसेना म्हणून मराठीत, "बस की. उभ्यानं कुणाशी भांडायला आलीस?"

मी सगळं ओकले. तुमच्या लेकीनं माझं काम पुसलं, खाडी विकली, माझा फोन घेत नाही. त्या भाकरी उलटत ऐकत होत्या. मग त्या दोन बायकांना त्यांनी गच्चीवरच्या शेंगा उचलायला पाठवलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"श्रावणात आली तवा काव्या दोन दिस जेवली न्हाय," म्हणाल्या. "मी लई विचारलं. मग म्हणाली, अव्वा, विजूचं नाव राहावं म्हणून मी एक वाईट काम केलं. मला त्या समुद्रातलं काय कळतंय गं? म्हणाली, दोन फोटोत एकच पाच पायाचं कायतर बसलंय, त्याचा एक पाय तुटका. एका फोटोवर आठ लिवलंय, दुसऱ्यावर नऊ. आन् मार्चात ती परत पाण्यात उतरून बघून आली म्हणं. तितं गवतच न्हाय म्हणाली. बोटींच्या नांगराच्या साखळ्यांनी समदं खरवडलंय. तुला कळतंय काय ते?"

मला कळलं. मी पाणी मागितलं.

आता लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या हातानं लिहिते.

नऊ फेब्रुवारी. तू नमुने घेऊन सरांकडे गेली होतीस. नववी आणि दहावी रेषा राहिल्या होत्या, खाडीच्या तोंडावरच्या. मी मास्क घालत होते तेवढ्यात कुमारचा फोन आला, आप्पा पायरीवरून पडले, उठवत नाही. दोनची बस होती. मी मामांना म्हटलं, बोट नुसती त्या दोन रेषांवरून न्या. ते म्हणाले, "उतरूक नाय?" मी म्हटलं, वरूनच दिसतंय. मी बोटीच्या कडेला उकिडवी बसले, डोळे बारीक केले आणि बघितलं. आप्पा नव्या माळावर कळप घालायच्या आधी असंच बसतात. कडेला बसून बघतात आणि सांगतात, आठ दिवस पुरंल, दहा दिवस पुरंल. मी लहानपणापासून बघतेय, त्यांचा अंदाज एका दिवसानंसुद्धा चुकत नाही. पाणी नितळ होतं. खाली आखूड गवत दिसलं, आठव्या रेषेवर होतं त्याच रंगाचं. मी लिहिलं: चरलेली पाती, सत्तर टक्के. पंधरा मिनिटांत वीस चौकटी भरल्या.

आकडे लिहिताना मी खोटं करतेय असं मला वाटलं नाही. मला दिसत होतं ते मी लिहीत होते. फोटोंचं मात्र तसं नाही. प्रत्येक चौकटीला फोटो लागतो, म्हणून बसमध्ये बसून मी आठव्या रेषेचेच फोटो घेतले, त्यांचे नंबर बदलले आणि तुला पाठवून दिले. सगळे फोटो टेबलावर ठेवून आले असं पहिल्या पत्रात लिहिलं तेही खरं नाही. तारामासा मला दिसला नाही. मी फोटो बघतच नव्हते, नुसते नंबर बदलत होते.

झालं. शंभरातल्या वीस चौकटी खोट्या. माफी मी मागेन, पण तुझी नाही.

कारण आता माझा राग कशावर आहे ते ऐक. मार्चात खाली उतरून वर आलीस तेव्हा तू मला फोन करायला हवा होतास. माझ्या आईवरून शिव्या द्यायला हव्या होत्यास. सरांपुढे उभं करायला हवं होतंस. तू काय केलंस? दोन रेषा रिकाम्या सोडल्या तर सर विचारतील, का रिकाम्या, मग फोटो मागतील, मग विजू पकडली जाईल. म्हणून अख्खा रकाना खोडलास. बाकीच्या आठ रेषा खऱ्या होत्या, काव्या! ऐंशी वेळा मी त्या थंड पाण्यात तळाला गेले, ऐंशी वेळा मूळ धरून हिसडा दिला, आणि फक्त दोनदा ते सुटून हातात आलं. कान फुटेपर्यंत मी ते केलं. तू ते सगळं पुसलंस, माझ्यावर उपकार म्हणून. आणि त्या उपकाराचं ओझं नको म्हणून माझा नंबर ब्लॉक केलास.

मी तुला म्हटलं होतं का मला वाचव? माझी अब्रू वाचवायला तू खाडी दिलीस. तिथे गवत आहे, कोळंबी आहे, कासवं आहेत, मामांच्या वाडीतली चाळीस घरं आहेत. त्यांना विचारलंस का?

अव्वांना यातलं काही बोलले नाही. त्यांनी मला जाताना चार भाकरी बांधून दिल्या. मी घेतल्या.

विजू


सोलापूर,
२ नोव्हेंबर

काव्या,

अखेर तुझा मेसेज आला. आठ महिन्यांत पहिला. 'काही पाठवू नकोस. तुझी नोकरी जाईल. माझीही जाईल.' बस्स. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा नाहीत. फोनवर बोलले असते तर शेजारच्या यंत्रमागांच्या वरताण ओरडले असते, म्हणून लिहिते.

पाठवलंय. काल सकाळी. सुनावणी समितीच्या नावानं, सहीनिशी. नववी आणि दहावी रेषा मी पाण्यात न उतरता भरल्या, त्यांचे फोटो आठव्या रेषेचे आहेत, त्या दोन्ही बाद कराव्यात. बाकीच्या आठ रेषांच्या मूळ कागदांच्या झेरॉक्स आणि ऐंशी फोटो सोबत जोडले आहेत, ते तपासावेत. एवढंच. तुझं नाव त्यात कुठेच नाही. का नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, त्यामुळे आभार मानू नकोस.

पाठवायच्या आधी सांगोल्याला जाऊन आप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. तसे चिडले असते तर बरं झालं असतं. ते बराच वेळ काठीनं जमिनीवर रेघा ओढत बसले.

मग म्हणाले, "माजा अंदाज चुकत न्हाय असं तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, मी बघितलंय की.

"तू बरोबर आलेलंच बघितलंस. महूदच्या माळाला मी दहा दिस म्हणालो हुतो, तिसऱ्या दिशी कळप हलवाय लागला. तुजी आय अजून बोलती. कडंनं बघितलेलं नुसतं बोलायचं असतंय, पोरी. चुकलं तर माणूस उद्या दुसरं बोलतंय. तू ते कागदावर कशाला लिवलंस?"

आई आतून म्हणाली, "जेवाय वाढू का दोगांना?" आणि आम्ही जेवलो. जेवताना ते एवढंच म्हणाले, की आता पाठवणार आहेस तर लवकर पाठव, पोस्टाचा भरवसा नाही.

तुझी नोकरी जाईल म्हणतेस. जाईलही. माझी तर आहेच तात्पुरती. पण तळ एकदा उपसला की परत टाकता येत नाही, हे आपण दोघी पहिल्याच वर्षी शिकलो. अठराला मी येतेय. तूही समोर असशील.

विजयमाला


सोलापूर,
२३ नोव्हेंबर

काव्या,

त्या हॉलमध्ये आपण दोघी वीस फुटांवर होतो आणि तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. मी मात्र तुझ्याकडेच बघत होते. बारीक झालीयस.

मी उभी राहिले तेव्हा मागचे लोक हसले, ते तू ऐकलंस. 'सोलापूरची बाई समुद्राचं सांगतेय.' आणि जेट्टीवाल्यांच्या वकिलानं जे विचारलं ते मी आयुष्यात विसरणार नाही: "ज्या बाईंनी दोन रेषा खोट्या लिहिल्या, त्यांच्या आठ खऱ्या कशावरून?" प्रश्न चोख होता. त्याच्या जागी मी असते तर हाच विचारला असता. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवूच नका. फोटोत शेंडे दिसतात, ते बघा. तेही पटत नसतील तर कुणालाही खाली उतरवा आणि मूळ ओढून बघायला सांगा.

मग मामा उठले. त्यांना बोलायला सांगितलं नव्हतं, माईक पण नव्हता. "त्या दिसा ही बाय पाण्यात उतराक नाय, ह्या खरा," म्हणाले. "पण आदीचे आठ दीस मीच तिका दोर धरून उतरवलंय. माका इचारा." आणि बसले. त्यांनी माझं खोटं आधी सांगितलं आणि खरं मागून सांगितलं, म्हणून लोकांनी त्यांचं ऐकलं असं मला वाटतं. हसणं थांबलं.

तेवढ्यात अध्यक्षांनी कागद चाळले आणि विचारलं, "मूळ कागदांवर हा रकाना आहे, अहवालात नाही. तो कुणी काढला?"

तू पुढ्यातल्या कागदांच्या कडा जुळवत होतीस. एकदा जुळवल्यास, परत विस्कटल्यास, परत जुळवल्यास. मी थांबले. काव्या, मी पूर्ण एक मिनिट थांबले, तू उठशील म्हणून. सर तुझ्या शेजारी होते आणि त्यांनाही काही माहीत नव्हतं, ते बिचारे चष्मा पुसत होते.

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

भरल्या सभेत, नाव-गाव सांगून, मी खोटं बोलले. खोटेपणा कबूल करायला गेलेली मी, आणखी एक खोटं बोलून खाली बसले. त्या क्षणी मला तुझा इतका राग आला, की शेजारच्या बाईंनी माझं तोंड बघून पाण्याची बाटली पुढे केली.

निकाल तुला माहीत आहे. दोन रेषा बाद. आठ तपासणीस पात्र. जानेवारीत सगळ्या खाडीची नव्याने मोजणी, चरलेल्या पात्यांच्या रकान्यासकट, आणि तोवर तळाला हात लावायचा नाही. विजयमाला सरगर यांना मोजणीत भाग घेण्यास मनाई. मोजणीची जबाबदारी काव्या हिरेमठ यांच्यावर.

कॉलेजनं गुरुवारी बोलावून सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. प्राचार्य बाई चांगल्या आहेत, त्यांनी चहा दिला. 'पोरांना आम्ही सांगतो प्रयोगवही खोटी भरू नका, आता तुम्हाला कोणत्या तोंडानं ठेवू?' म्हणाल्या. बरोबरच आहे. मी चहा पिऊन आले. घरी येऊन मात्र रडले, आणि त्यातही थोडी तुला शिव्या देण्यासाठी रडले.

आता नीट वाच. त्या हॉलमध्ये चरलेलं पातं आणि मेलेलं पातं ओळखणारी माणसं दोनच होती. एकीला त्यांनी पाण्यात जायला बंदी केली. मी तुझं नाव घेतलं असतं तर दुसरीलाही केली असती, आणि जानेवारीत तिथे छापील तक्ता घेऊन कुणी नवखं उतरलं असतं, तळ उघडा बघून परत 'खालावलेली' लिहून आलं असतं. म्हणून मी गप्प बसले. तुझ्यावर माया करून नाही. तू माझ्यासाठी जे केलंस ते मी तुझ्यासाठी केलं असं वाटून घेशील, म्हणून स्पष्ट लिहिते.

पातं शेंड्याकडून बघू नकोस, बुडाशी बोट घाल. कोवळं पातं बोटाला थंड आणि ताठ लागतं. हिसडा हळू दे, मनगटानं, खांद्यानं नाही. मूळ सुटलं तर सुटलं असं लिही, मनाला बरं वाटो न वाटो. खाडीच्या तोंडावर नांगरांनी खरवडलंय ते लपवू नकोस, तिथे बोटी लावू नयेत असं लिही. आणि दहाही रेषांवर तू स्वतः जा. कुणाला पाठवू नकोस, थकलीस तर दुसऱ्या दिवशी जा.

नवा अहवाल फेब्रुवारीअखेर द्यायचा आहे. त्यात पहिल्याच पानावर लिही, मागच्या वेळी रकाना कुणी आणि का खोडला. माझं कारण सांगितलंस तरी चालेल, ते सगळ्यांना कळलेलंच आहे. मला आधी वाचायला पाठवू नकोस, मी त्यात एक शब्दही सुचवणार नाही. एक मार्चपर्यंत मी वाट बघेन. ते पान नसलं, तर दोन मार्चला मी समितीला लिहीन, की त्या दिवशी मला माहीत होतं.

विजू